भोंगा हलग्याचा, कायदा इकडचा

मेलबर्नच्या मराठी मंडळींना सध्या एकच विषय पुरतो: सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची बंदी. 10 डिसेंबर 2025 पासून ऑस्ट्रेलियात त्यांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, यूट्यूबवर खातं ठेवता येत नाही. दंड मुलांना नाही, आईबापांना नाही. कंपनीला, तोही जवळपास पाच कोटी डॉलरपर्यंत. मग चहाचा कप खाली ठेवत कुणीतरी उसासा टाकतं, 'आपल्याकडे कधी व्हायचं असं?'

होतंय की! बेळगावला लागून असलेल्या हलग्यात, कर्नाटक विधिमंडळाच्या सुवर्णसौध इमारतीशेजारी, संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि नऊपर्यंत टीव्ही-मोबाईल बंद. सांगलीकडच्या मोहित्यांचे वडगावानं तर हे 2022 मध्येच सुरू केलं. मागे ना संसद, ना कोर्ट. मला इकडच्या कायद्यापेक्षा हा भोंगा जास्त पटतो, कारण तो थोरांनाही लागू आहे. माझी मावशी हलग्याचीच. तिचं पोरगं सातला सोप्यात दप्तर उघडून बसतं. गाऱ्हाणं वेगळंच आहे. "पोराचं काय नाही रे, तुझ्या काकांनाच करमत नाही. चारदा अंगणात जाऊन येतात."

काकांची तळमळ मला कळते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात फोन म्हणजे नुसती रील नव्हेत. 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडलेला सीमाप्रश्नाचा दावा, कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा 1 नोव्हेंबरचा काळा दिन, दुकानांच्या पाट्या, सगळं व्हॉट्सॲपवर रोज नव्यानं पेटतं. फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावजवळ कर्नाटकच्या एका बस कंडक्टरला भाषेवरून मारहाण झाली, मग चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटी ड्रायव्हरला काळं फासलं, आणि दोन्ही राज्यांमधल्या गाड्या थांबल्या. त्या दिवसांत आमच्या गावच्या ग्रुपवर सर्वांत तावातावानं कोण लिहीत होतं? पुणे, दुबई आणि मेलबर्न. खानापूरचं कुणीतरी मध्येच विचारत होतं, कोल्हापूरला दवाखान्याला जायचंय, वडापची जीप मिळेल का? त्यावर एकाचंही उत्तर नाही.

इकडच्या कायद्यानं व्हॉट्सॲप वगळलंय, आणि पंचेचाळिशीच्या माणसाला तर तो हातही लावत नाही. हलग्याचा भोंगाही इथवर ऐकू येत नाही. तिकडे सात वाजतात तेव्हा उन्हाळ्यात इथे मध्यरात्रीचे साडेबारा, आणि आमचे परदेशस्थ सीमावीर तेव्हाच रंगात येतात. त्यांची एसटी कधी बंद पडत नाही.

म्हणून मी ग्रुपवर एक नियम सुचवलाय: तिकडे बंद, मारहाण, मोर्चा चालू असेल तोवर बाहेरगावच्यांनी काही लिहायचं नाही, गाडी आणि दवाखान्याचे निरोप तेवढे चालतील. ॲडमिनचं उत्तर अजून यायचंय. तो शारजात असतो.