दातांच्या माथी मारलेला ताप

मोबाईलवरून पुढे पुढे पाठवल्या जाणाऱ्या एका संदेशाचा आशय असा : दाढा येताना मुलाला ताप आणि जुलाब होणारच, त्यांची काळजी करू नये, हिरड्यांवर भूल देणारे जेल चोळावे, गळ्यात अंबरच्या (झाडांच्या प्राचीन, घट्ट झालेल्या राळेच्या) मण्यांची माळ घालावी, रात्री जाग आली की दुधाची बाटली द्यावी, दात वर आला की जेवण आणि झोप आपोआप रुळावर येतील. मूल रात्रभर किरकिरत असेल आणि घास पाहताच तोंड फिरवत असेल, तर आईवडिलांना असा संदेश दिलासा देतो, यात नवल नाही. तरीही त्यातील एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्याजोगा नाही.

पहिले विधान सर्वांत जुने आणि सर्वांत घातक आहे. १८३९ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये ५,०१६ मृत्यूंच्या नोंदीत ‘दात येणे’ हेच कारण लिहिले गेले होते. ती मुले खरोखर कशाने दगावली, हा प्रश्न त्या दोन शब्दांनी मिटवून टाकला. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, पहिल्या दाढा १३ ते १९ महिन्यांच्या सुमारास येतात आणि तिसऱ्या वाढदिवसापर्यंत २० दुधाचे दात पुरे होतात. म्हणजे या अडीच वर्षांत कोणता ना कोणता दात बहुधा वाटेवर असतोच. नेमक्या याच काळात आईकडून मिळालेले रोगांपासूनचे संरक्षण ओसरते आणि मूल हाती लागेल ती वस्तू तोंडात घालते, त्यामुळे संसर्ग आणि दात यांची गाठ वारंवार पडते. अमेरिकेत १२५ बालकांच्या रोजच्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात दात दिसण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस एवढ्या अवधीत चावणे, लाळ, चिडचिड, जागरण आणि घट्ट अन्नाची नावड वाढलेली आढळली. अंग किंचित कोमट झाले. जोराचा ताप, जुलाब, उलट्या यांचा मात्र दाताशी संबंध दिसला नाही. पातळ पदार्थांची नावडही दातामुळे वाढली नाही, आणि मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते : मूल पाणी किंवा दूधही नाकारत असेल, तर कारण दुसरीकडे शोधावे.

जेलचा सल्ला तर सरळ टाळावा. लाळेबरोबर ते काही मिनिटांत वाहून जाते, आणि त्यातील बेंझोकेन या भूल देणाऱ्या औषधामुळे क्वचित रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता धोकादायकरीत्या घटते. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दोन वर्षांखालील मुलांसाठी ते वापरू नये असे बजावले. त्याच वर्षी त्यांनी दातांसाठीच्या माळांविरुद्धही इशारा दिला, कारण झोपेत माळेने गळा आवळून एका दीड वर्षाच्या मुलाचा मृत्यू झाला होता. अंबरमधून वेदनाशामक द्रव्य त्वचेत झिरपते, या दाव्याला पुरावा नाही.

रात्रीच्या बाटलीबद्दल एवढेच, की दूध तोंडात ठेवून झोपल्यास नुकत्याच आलेल्या दातांना कीड लागते आणि पुढे बाटलीशिवाय झोप येईनाशी होते.

‘आपोआप रुळावर येईल’ हे अर्धसत्य आहे. दुखणे काही दिवसांत सरते, पण त्या दिवसांत लागलेल्या सवयी राहतात. म्हणून झोपेची वेळ आणि क्रम न बदलता धीर द्यावा. स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरडी हलकेच दाबावी. चावायला गार, ओले फडके किंवा फ्रीजमध्ये गार केलेली, बाळांना चावण्यासाठीची रिंग द्यावी, मात्र गोठवलेली नको, कारण दगडासारख्या कडक वस्तूने हिरडी दुखावते. जेवण मऊ आणि थंडसर असावे. मूल नको म्हणत असेल तर आग्रह न करता थोडे थोडे, पुन्हा पुन्हा द्यावे. फारच त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून वजनानुसार पॅरासिटामॉल देता येते. ॲस्पिरिन कधीही देऊ नये.

३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, पातळ शी, नेहमीपेक्षा कमी लघवी, सतत कान ओढणे यांपैकी काही असल्यास मुलाला डॉक्टरांना दाखवावे. तोंडात बारीक फोड आणि सुजून लाल झालेल्या हिरड्या दिसल्या तरीही तेच करावे, कारण हर्पिस या विषाणूचा पहिला संसर्ग अनेकदा ‘दाढा येत आहेत’ म्हणून दुर्लक्षिला जातो.