मायकेल रटर यांच्यावरच्या लेखाबद्दल : सर, तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण 'धन्यवाद, मतभेद आहेत' एवढं लिहून सुटावं अशी ती नव्हती. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सरांनी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं आहे. ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांच्यावरचा माझा लेख वाचून ते म्हणतात : एका परदेशी डॉक्टरची नुसती आरती ओवाळली आहे. अकरा जुळ्यांत चार, एवढ्यावरून ऑटिझम (स्वमग्नता) रक्तातून येतो म्हणणं हे शास्त्र नव्हे. रोमानियातल्या अनाथ पोरांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग केले आणि त्यावर कारकीर्द उभी केली. आणि शेवटी, 'आईच्या कपाळावरचा शिक्का पुसून तो मुलाच्या कपाळावर मारला, यात मुलाला काय मिळालं?'

आधी जुळ्यांचं. आकडा तुम्ही बरोबर दिलात, पण मी लेखात तो अर्धाच दिला होता, म्हणून तुमचा गैरसमज होणं साहजिक आहे. आणखी एक चूक म्हणजे त्या अभ्यासातल्या पहिल्या संशोधक सुझन फोल्स्टीन यांचं नावच मी घेतलं नव्हतं. 1977 साली त्या आणि रटर या दोघांनी ब्रिटनभर शोधून जुळ्यांच्या 21 जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक जोडीत किमान एकाला ऑटिझम होता. 11 जोड्या एकबीज, म्हणजे आनुवंशिकतेनेही हुबेहूब सारख्या. 10 जोड्या दोन वेगळ्या बीजांच्या, म्हणजे इतर भावंडांइतक्याच सारख्या. एकबीज जोड्यांपैकी 4 जोड्यांत दोन्ही भावंडांना ऑटिझम निघाला. दुसऱ्या गटात एकाही जोडीत नाही. मग त्यांनी विचारलं, की दुसऱ्या भावंडाला ऑटिझम नसेल, पण भाषेची किंवा बुद्धीच्या वाढीची काही अडचण आहे का? ती धरली, तर एकबीज 11 पैकी 9 जोड्यांत दोघंही अडचणीत होते, आणि दुसऱ्या गटात 10 पैकी एकाच जोडीत.

सर, दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच आईच्या मांडीवर वाढतात. पूर्वी मानलं जायचं तसा आईच्या वागण्यामुळे ऑटिझम होत असता, तर दोन्ही गटांत चित्र सारखंच दिसायला हवं होतं. जोड्या थोड्या होत्या हे खरंच. म्हणून तर त्यांनी ते काम तिथे सोडलं नाही. 1995 साली त्यांच्या गटाने जोड्या वाढवून पुन्हा मोजलं, तेव्हा एकबीज जोड्यांत दोघांनाही ऑटिझम असण्याचं प्रमाण 60 टक्के आलं, दुसऱ्या गटात शून्यच. सगळं रक्तातूनच येतं असंही ते म्हणाले नाहीत. तसं असतं तर 60 ऐवजी 100 आलं असतं.

आणि हे ज्या माणसाने केलं, त्याचं स्वतःचं मत आधी उलट होतं. 1960 च्या दशकात रटर यांना वाटत होतं की ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा फारसा नसावा, कारण भावंडांत तो शंभरात दोनेकांनाच आढळतो. पुढे त्यांच्या ध्यानात आलं, की तेव्हाच्या मोजणीप्रमाणे एरवी समाजात ऑटिझम दहा हजारांत चार-पाच मुलांनाच दिसतो. त्यामानाने शंभरात दोन म्हणजे प्रचंड. आपलाच तर्क चुकला होता, हे त्यांनी मान्य केलं आणि जुळी शोधायला घेतली. तुम्ही ज्याला आरती म्हणता, ती माझ्याकडून या गुणासाठी झाली, आणि ती मी मागे घेणार नाही.

का, तेही सांगते. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना एका डॉक्टरांनी त्याच्याकडे दोन मिनिटं पाहिलं आणि मला विचारलं, "तुम्ही नोकरी करता ना? मग मूल बोलणार कुणाशी?" मी सात महिने बिनपगारी रजा घेतली. सकाळी उठल्यापासून त्याच्याशी बोलत राहायचे. तो फरशीच्या रेघेवरून बोट फिरवत राहायचा. रात्री मी हिशेब करायची, कुठल्या दिवशी मी कमी पडले. ते सात महिने त्याच्या वाचा-उपचाराचे होते, आणि ते माझ्या पश्चात्तापात गेले. हे झालं ते त्या जुळ्यांच्या अभ्यासानंतर कितीतरी वर्षांनी! थंड मनाच्या आईमुळे मूल स्वतःत मिटतं, ही 1950-60 च्या दशकांतली अमेरिकेतली कल्पना आमच्या गावापर्यंत पोचली होती. तिला खोडून काढणारे आकडे मात्र पोचले नव्हते. म्हणून मी लिहिते.

आता रोमानिया. इथे दोन अभ्यासांची सरमिसळ झाली आहे. चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी झाली ती बुखारेस्टमधल्या एका वेगळ्या, अमेरिकी संशोधकांच्या प्रकल्पात. त्यात संस्थेतल्या 136 मुलांपैकी निम्म्यांना पालक-कुटुंबं मिळवून दिली होती. त्याच्या नैतिकतेवर आजही वाद होतो, आणि तो व्हावा. रटर यांचा अभ्यास निराळा. डिसेंबर 1989 मध्ये रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याची राजवट कोसळल्यावर तिथल्या अनाथालयांची चित्रं जगाने पाहिली आणि ब्रिटनमधल्या कुटुंबांनी मुलं दत्तक घेतली. रटर यांनी कुणाला कुठे पाठवलं नाही. आलेल्या मुलांपैकी 165 मुलं आणि ब्रिटनमध्येच जन्मून दत्तक गेलेली 52 मुलं, यांना ते आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं भेटत राहिले : वयाच्या चौथ्या, सहाव्या, अकराव्या, पंधराव्या वर्षी आणि पुढे तरुणपणीही. आली तेव्हा यांतली जवळपास निम्मी मुलं भयंकर कुपोषित होती. सहा महिन्यांच्या आत ज्यांना घर मिळालं, ती बहुतेक इतर मुलांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ जी संस्थेत राहिली, त्यांच्यातल्या अनेकांना माणसांत मिसळणं, एकाग्रता अशा अडचणी मोठेपणीही राहिल्या. पण त्यांतलीही सुमारे पाचात एक मुलं अशा अडचणींशिवाय मोठी झाली.

मूल लवकर घरात गेलं पाहिजे, हे आपल्याला आधीच माहीत होतं असं तुम्ही म्हणाल. आजीला माहीत होतं, सरकारांना नव्हतं. आपल्याकडे 2015 च्या बाल न्याय कायद्यात संस्था हा शेवटचा उपाय असं तत्त्व म्हणून लिहिलं आहे. कुणाच्या नुसत्या कळकळीपेक्षा अशा तत्त्वामागे असा पुरावा असला की ते टिकतं.

रटर स्वतः 1933 साली लेबनॉनमध्ये जन्मले, आणि युद्धाच्या काळात, 1940 मध्ये, त्यांना आईवडिलांपासून दूर अमेरिकेत एका अनोळखी कुटुंबाकडे पाठवलं होतं. यावरून त्यांच्या संशोधनाचं मूळ शोधायचा मोह मी टाळते. 1972 मध्ये त्यांनी आईपासूनच्या ताटातुटीबद्दलचा सगळा पुरावा पुन्हा तपासला आणि म्हटलं, की निव्वळ ताटातुटीपेक्षा घरातली रोजची भांडणं मुलाला जास्त बिघडवतात. आणि मूल एकट्या आईशीच बांधलेलं नसतं, बाप, आजी, मावशी यांच्याशीही त्याची नाळ जुळते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे नवं वाटणार नाही. नोकरी करणाऱ्या आईला मात्र ते ऐकायची फार गरज असते.

तुमचा एक आक्षेप मला अर्धा मान्य आहे. 1964-65 मध्ये आइल ऑफ वाइट या बेटावरच्या दहा-अकरा वर्षांच्या सगळ्या, दोन हजारांहून जास्त मुलांची त्यांनी जी पाहणी केली, ती इंग्लंडच्या मुलांची होती. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बनवलेल्या ऑटिझमच्या एका चाचणीत बाहुलीचा वाढदिवस खोटाखोटा साजरा करायचा असतो. ज्याच्या घरी कधी केक कापला गेला नाही, त्या मुलाने तिथे गप्प बसणं म्हणजे काय समजायचं? तिथे 'परदेशी' हा तुमचा शब्द योग्य आहे, आणि आपल्या भाषेत, आपल्या खेळांत हे काम अजून पुष्कळ व्हायला हवं.

पण शिक्क्याबद्दल मी सहमत नाही. त्या बेटावर त्यांनी आधी पालकांना विचारलं, शिक्षकांना विचारलं, आणि मग थेट मुलांशी बोलले. तोवर मुलाच्या उत्तरावर विसंबता येत नाही असाच समज होता. घराने दाखवलेली मुलं आणि शाळेने दाखवलेली मुलं बरीचशी वेगळी निघाली. पौगंडावस्थेतली मुलं तर अशी उदासी बोलून दाखवत होती, जिचा पत्ता ना आईला होता ना गुरुजींना. निदान होण्याआधी आपल्या वर्गांत शिक्के नव्हते का, सर? 'मठ्ठ', 'लाडावलेला', 'घुम्या'. तुम्ही ते ऐकले असतील. तुम्ही वापरले नसतील असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

तुमच्या कामाबद्दलही त्यांनी एक गोष्ट दाखवली आहे. लंडनमधल्या 12 माध्यमिक शाळांच्या अभ्यासात त्यांना दिसलं, की इमारत जुनी की नवी याने फरक पडत नव्हता. गृहपाठ देऊन तो तपासला जातो का, मुलांची कामं भिंतीवर लागतात का, मुलांवर जबाबदाऱ्या सोपवतात का, कौतुक होतं का, यांनी पडत होता. एकसारख्या गरीब वस्तीतली मुलं एका शाळेत सावरत होती आणि दुसरीत हरवत होती.

प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही नातवाबद्दल लिहिलंत : चार वर्षं पूर्ण, दहा-बाराच शब्द, शेजारी सुनेला म्हणतात मोबाइल दिल्यामुळे झालं. त्याच्या ऐकण्याची तपासणी झाली आहे का? झाली नसेल तर सगळ्यात आधी ती. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत लहान मुलांच्या वाढीच्या तपासणीचं केंद्र असतं, डीईआयसी म्हणून विचारा. जाताना तो कोणते शब्द बोलतो, बोट दाखवून काही मागतो का, हाक मारल्यावर वळतो का, हे कागदावर लिहून न्या. तिथे ऐन वेळी आठवत नाही. आणि तुम्ही स्वतः सोबत जा. मी एकटी गेले होते. सूनबाईंना माझ्याशी बोलावंसं वाटलं तर इथेच खाली तसं लिहा, मी तुम्हाला निरोप पाठवते.