हार्मोनची गोळी बंद करणे हा हाडे वाचवण्याचा उपाय नव्हे

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे. गेल्या पंधरवड्यात स्तनाच्या कर्करोगाची औषधे नेणाऱ्या तीन जणींनी मला मोबाईलवर एकच मजकूर दाखवला. कर्करोगाची हार्मोनची गोळी हाडे आतून पोकळ करते, सांधे दुखू लागले की हाडे झिजली असे समजावे, ऑपरेशन झाल्यावर वर्षभरात गोळी सोडून द्यावी, रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खावा आणि हाडांचे इंजेक्शन घेऊ नये, कारण त्याने जबडा सडतो, असा त्याचा आशय आहे. तिघींपैकी एका काकूंनी लेट्रोझोल या हार्मोनच्या गोळीचा पत्ता काउंटरवर ठेवला आणि विचारले, “भाऊ, हे गोळी आता बंद करू काय जी?” दहाच्या त्या पत्त्यात सहा गोळ्या शिल्लक होत्या आणि तो संपायला हवा होता त्याला आठवडा उलटून गेला होता. म्हणजे विचारण्याआधीच त्यांनी गोळी सोडली होती.

मजकुरातला पहिला भाग अर्धा खरा आहे आणि त्यामुळेच तो लोकांना पटतो. पाळी गेल्यानंतर बाईच्या अंगात इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन थोडे थोडे तयार होत राहते, पण ते अंडाशयात नव्हे, तर चरबी, स्नायू अशा ठिकाणी अरोमाटेज नावाच्या एन्झाइममुळे तयार होते. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन या गोळ्या नेमके हेच एन्झाइम अडवतात. हार्मोनवर वाढणाऱ्या गाठीचे खाद्य त्यामुळे तुटते, पण हाडांना जपणारे इस्ट्रोजेनही त्याच वेळी जाते आणि सुरुवातीच्या वर्षांत हाडांची घनता दरवर्षी साधारण २ टक्क्यांनी उतरू शकते. टॅमॉक्सिफेन या दुसऱ्या हार्मोनच्या गोळीचे मात्र असे नाही. पाळी गेलेल्या बाईच्या हाडांना ते उलट आधारच देते. पाळी चालू असलेल्या तरुण बाईत त्याने घनता थोडी कमी होऊ शकते. सगळ्या गोळ्यांना एकाच नावाने झोडपणाऱ्या मजकुरात हा फरक कुठेच नाही.

परंतु “ऑपरेशनने आजार गेला, आता गोळी कशाला” हा निष्कर्ष पूर्ण चुकीचा आहे. हार्मोनवर वाढणाऱ्या या कर्करोगाच्या काही पेशी शरीरात वर्षानुवर्षे गुप्त राहू शकतात आणि निम्म्याहून अधिक वेळा तो उलटतो तो पहिल्या पाच वर्षांनंतर. म्हणूनच ही गोळी किमान ५ वर्षे आणि काहींना १० वर्षांपर्यंत दिली जाते. टॅमॉक्सिफेन ५ वर्षे घेतल्याने पुढच्या १५ वर्षांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने घटतात, हे २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत अरोमाटेज रोखणाऱ्या गोळ्यांचा परिणाम त्याहून काहीसा सरस आहे. हा आजार उलटतो तेव्हा पुष्कळदा हाडांतच शिरतो, आणि मग तो आटोक्यात ठेवता येतो, पण सहसा बरा करता येत नाही. हाडांच्या काळजीने गोळी सोडणाऱ्या बाईला हे कोणीतरी समोर बसवून सांगायला हवे.

सांधेदुखीबद्दलचे विधान तर सरळ खोटे आहे. हाडांची घनता कमी होते तेव्हा काहीच दुखत नाही. मनगट, खुबा किंवा मणका मोडेपर्यंत ती कळत नाही. सकाळी बोटे आखडणे, गुडघे धरणे हा याच गोळ्यांचा वेगळा परिणाम आहे. तो पुष्कळ जणींना होतो आणि नियमित चालण्याने, व्यायामाने किंवा डॉक्टरांनी याच गटातली दुसरी गोळी दिल्याने बऱ्याचदा सुसह्य होतो. हाडांची खरी अवस्था डेक्सा या घनता मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीतून कळते. तिचा टी-स्कोर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर हाडे ठिसूळ झाली असे धरतात. नागपूर-सेवाग्रामच्या रुग्णालयात फेरी होईल तेव्हा ही तपासणी गोळी सुरू करतानाच मागून घ्यावी आणि पुढे दर एक-दोन वर्षांनी करावी.

चुन्याचा हिशेब मी त्या काकूंना कागदावर करून दाखवला. गव्हाचा दाणा भरतो सुमारे ५० मिलिग्रॅम. तेवढा चुना अगदी कोरडा आणि शुद्ध धरला, तरी त्यातले कॅल्शियम २७ मिलिग्रॅमच्या वर जात नाही, तर गरज दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅमची असते. शिवाय चुना दाहक असतो. एक पेला दूध त्याच्या आठ-दहा पट कॅल्शियम देते. सोबत दही, तीळ, जवसाची चटणी, शेवग्याचा पाला आणि उरलेल्या गरजेपुरती डॉक्टरांनी लिहिलेली गोळी.

“शेतातल्या बाईला ड जीवनसत्त्व कमी पडत नाही” असेही त्याखाली कोणीतरी जोडले होते. आपल्याकडे कापूस वेचायला जाणारी बाई लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा घालते आणि डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळते. दिवसभर उन्हात असूनही ऊन तिच्या कातडीला फारसे लागतच नाही. त्यामुळे रक्ततपासणी तिनेही करावी.

राहिले इंजेक्शन. झोलेड्रॉनिक ॲसिड बहुधा सहा महिन्यांतून एकदा शिरेतून दिले जाते. त्याने हाडे टिकतातच, शिवाय पाळी गेलेल्या स्त्रियांत कर्करोग हाडांत उलटण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे २०१५ च्या एका मोठ्या विश्लेषणात दिसले आहे. जबड्याचे हाड उघडे पडण्याचा त्रास खरा आहे, पण या मात्रेत तो शंभरात एकीलाही होत नाही. तो बहुधा इंजेक्शन चालू असताना दात काढल्यावर किंवा हिरड्या कुजलेल्या असताना होतो, आणि खर्ऱ्याने (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने) दात गेलेल्या आपल्या भागात ही बाब हलकी समजू नये. म्हणून आधी दंतवैद्य, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व मूत्रपिंडाची तपासणी आणि मगच इंजेक्शन, हा क्रम पाळावा. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप व अंगदुखी होऊ शकते. डेनोसुमॅब हे हाडांचे दुसरे इंजेक्शन चालू असेल तर ठरलेली तारीख चुकवू नये आणि ते मनाने बंद करू नये, कारण ते थांबल्यावर हाडांची झीज झपाट्याने वाढून मणके मोडू शकतात.

काकूंचे दोन दात हलत होते. त्यांनी माझ्यासमोरच लेकाला फोन लावून डॉक्टरांना विचारायला सांगितले. त्याच रात्रीपासून गोळी पुन्हा सुरू झाली, दुसऱ्या आठवड्यात दोन्ही दात काढून झाले, आणि हिरडी भरली की इंजेक्शनची तारीख मिळणार आहे.