मिस, कहिले जाने?

आज सकाळी भाचीचा फोन आला आणि समोरचे तर्रीपोहे पार गार होऊन गेले.

"आत्या, मी पण तुझ्यासारखी जाऊन राहिली!"

कुठे? कंबोडियाला. कशासाठी? तिथल्या बालगृहात सेवा करायला. किती दिवस? दोन आठवडे. परदेशी अ‍ॅडमिशन करून देणाऱ्या, आपल्या नागपूरच्या धरमपेठेतल्या कुठल्याशा ऑफिसनं पॅकेज काढलंय. 80,000 रुपये, विमानभाडं वेगळं, मधल्या सुटीत अंगकोर वाट, शेवटी सर्टिफिकेट. अर्जाला वजन येतं म्हणे त्यानं.

मला राग पॅकेजचा नाही आला. 'तुझ्यासारखी' या शब्दाचा आला.

जुन्या मित्रमंडळींना आठवत असेल, 2016 मध्ये मी पाच महिने नेपाळला होते. राप्तीसागरनं गोरखपूर, तिथून सोनौली, बॅग ओढत पायीच पलीकडे, मग रात्रभर बस. ललितपूरच्या बाजूला एक बालगृह. शब्दही तोच आणि लिपीही आपलीच, त्यामुळे गेटवरची पाटी वाचूनच मला वाटलं, आपण घरी आलो. काय सांगू बाप्पा, केवढा तो आव होता! आदल्या वर्षीच्या भूकंपाची कितीतरी घरं अजून टेकूवर उभी होती, आणि मी जणू ती सावरायलाच निघाले होते.

आत पाऊल टाकलं. पाच मिनिटांत सात वर्षांचा एक पोरगा मांडीवर येऊन बसला. माझ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत त्यानं विचारलं, "मिस, कहिले जाने?"

मला वाटलं, कधी आलीस असं विचारतोय. मी हसून म्हटलं, "आज!" तो उठून गेला.

रात्री तिथल्या ताईंनी अर्थ सांगितला. कधी जाणार?

रुळायला मला महिना लागला. घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे. सुटी शनिवारी, त्यामुळे पहिल्या रविवारी मी आरामात लोळत पडलेली आणि पोरं गणवेश घालून दारात उभी. सकाळी नाश्ता नाहीच, दहाच्या सुमारास डाळभात, रात्री पुन्हा डाळभात. तिसऱ्या आठवड्यात मला स्वप्नात सावजी रस्सा दिसला, खोटं नाही सांगत. थंड पाण्यात अठरा पोरांचे मोजे धुवायचे, उवा काढायच्या, इंग्रजीचा गृहपाठ घ्यायचा. नोव्हेंबरात इकडे नोटबंदी झाली आणि पाकिटात जपून ठेवलेल्या माझ्या पाचशेच्या नोटा तिथे बसल्या बसल्या रद्दी झाल्या, तो किस्सा पुन्हा कधी.

फोटो मात्र रोज टाकत होते. 'माझी पिल्लं' असं लिहून. तुम्हीच भरभरून बदाम दिले होते त्यावर. त्या फोटोंत बहुतेक वेळा मांडीवर तोच पोरगा. ते सगळे फोटो नंतर मी काढून टाकले. आपल्याकडच्या 2015 च्या बाल न्याय कायद्यात कलम 74 आहे, अशा मुलांची ओळख जाहीर करू नये म्हणून. आणि तरी वाढदिवसाला केक घेऊन बालगृहात जाणारे, पोरांच्या तोंडात घास घालतानाचा फोटो डीपीला ठेवणारे आपल्याच ग्रुपात निघतील. चिडू नका. मीही त्यातलीच.

तर तो पोरगा. सप्टेंबरात दोन आठवड्यांसाठी एक गोरी मुलगी आली. पोरगा पाच मिनिटांत तिच्या मांडीवर, तिचा स्कार्फ बोटाला. तोच प्रश्न. मला चक्क हेवा वाटला, मग आठवडाभरानं लक्षात आलं की याला प्रेम समजून आपण कुरवाळत बसलोय. कोणीही आलं की बिलगायचं, कारण कोणीच टिकत नाही. ती मुलगी जाताना ढसाढसा रडली. पोरगा रडला नाही. त्याला सवय होती. हे लिहितानाही माझ्या पोटात कसंतरी होऊन राहिलं.

आणि मग दशैं आला. आपला दसरा. मला इथली आठवण येत होती, आपट्याची पानं, दीक्षाभूमीवरची गर्दी. तिकडे शाळांना सुटी लागली आणि बालगृहाच्या गेटवर एकेक जण यायला लागलं. आई. मामा. आजी. कुणाचे चक्क वडील. अठरा 'अनाथ' पोरांपैकी पंधरा आपापल्या पिशव्या भरून कपाळाला दशैंचा टिका लावून घ्यायला घरी निघाली!

माझ्या पोरग्याची आई आली (बघा, अजून 'माझा' म्हणतेय मी). माझ्याहून लहान. गाव सिंधुपाल्चोकला, भूकंपात घर बसलेलं. कोणीतरी गावात येऊन म्हणालं, काठमांडूला शिकवतो, खायला घालतो. तिनं दिला. दुसरं काय करणार होती? बसनं चार तासांवर राहणारी बाई, आणि मी त्याला सहा आठवडे कुशीत घेऊन 'बिचारा' म्हणत होते.

पोरग्यानं आईला माझी ओळख करून दिली. माझं नाव नाही सांगितलं. म्हणाला, "यो मिस माघमा जाने." ही मिस माघात जाणार.

तारीख त्याच्या डोक्यात पक्की होती.

त्या रात्री मी हिशेब मांडला. माझं जाणं-येणं, राहणं, पोरांसाठी नेलेले खेळ आणि जॅकेटं, यात त्या बाईनं पोराला घरी ठेवून किती दिवस काढले असते. आकडा इथे लिहिणार नाही, लाज वाटते. पण पैसा तिच्याकडे जात नाही ना. पैसा बालगृहाकडे येतो, बालगृहाला पाहुणे लागतात, पाहुण्यांना मांडीवर घ्यायला पोरं लागतात. मग आणायची पोरं गावांतून. कंबोडियातही हेच चालतं, तिथल्याही बहुतेक पोरांचे आई किंवा बाप जिवंत असतात. आणि आमच्या धरमपेठेत त्याची पॅकेजं विकून राहिले! चीड येते, अक्षरशः चीड.

हो, मान्य. तीन पोरांना खरंच कोणी नव्हतं. दशैंत ती तिथेच राहिली आणि मी त्यांच्यासोबत होते. ते दिवस वाया गेले असं नाही म्हणवत. आणि हेही मान्य की मी गेले नसते तर यातलं काही मला कळलंही नसतं.

पण आपण तर चंद्रपूरकडच्या सोमनाथच्या श्रमदान छावणीत जाऊन आलेली माणसं ना रे? भर मे महिन्यात. बाबा आमट्यांच्या त्या छावणीत कोणी आपल्या मांडीवर लेकरू नाही दिलं, हातात फावडं-घमेलं दिलं. माती उचला, बांध घाला, घरी जा. माती विचारत नाही कधी जाणार म्हणून. आणि लेकरांचंच करायचं असेल तर अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर आहेत. सव्वाशेच्या आसपास दिव्यांग, बेवारस पोरं, सगळ्यांना स्वतःचं नाव लावलं आणि वयाची अठरा झाली तरी बाहेर काढायला नकार दिला. 2024 ला पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी पोस्टी टाकल्या. त्यांना कोणत्या लेकरानं विचारलं असेल, बाबा, कधी जाणार?

सगळ्यांना शंकरबाबा होता येत नाही, हे मलाही कळतं. मला कुठे जमलं. जानेवारीत मी निघालेच, माघ लागून चार दिवस झाले होते. धुकं होतं. पोरगा गेटवर आला नाही. आत नवीन आलेल्या एका दादाच्या मांडीवर बसला होता, हात त्याच्या मफलरच्या टोकाशी. माझ्याकडे बघून त्यानं हात हलवला, नीट, शहाण्यासारखा.

भाचीवर फोनवर ओरडले, ते चुकलं. वीस वर्षांची पोर आहे, मन चांगलं आहे तिचं, माझ्याच फोटोंवर वाढलेली. आत्ता हे टाइप करतानाच तिचा मेसेज आला, "आत्या, पहिला हप्ता परवापर्यंत भरायचाय. तू रागावली का?"

उद्या संध्याकाळी घरी बोलावलंय तिला. बाजारात सांभार (कोथिंबीर हो) स्वस्त झालाय, सांभारवडी करते. त्या पोरग्याचं तिला कधी सांगितलंच नव्हतं मी.