मंडपात झालेले लग्न देवापुढे लग्नच असते

गेल्या महिन्यात आमच्या ओळखीतली एक ताई घरी आली होती. चहा झाला, कप विसळून झाले, तरी ती ओट्यापाशीच उभी राहिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "दादा, मग इतकी वर्षे मी कोण होते?" तिचे लग्न चौदा वर्षांपूर्वी गावी, दारापुढच्या मंडपात, अंतरपाट धरून आणि मंगलाष्टके म्हणून झालेले. दोन वर्षांपूर्वी नवरा-बायको दोघांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ती दोघे ख्रिस्ती झाली. आता कोणा उपदेशकाने त्यांना सांगितले, की पूर्वीचे लग्न मूर्तीपुढे झाले असल्याने देवाच्या दृष्टीने ते लग्नच नव्हे, म्हणून पुन्हा विवाहविधी करून घ्या. त्यांना बारा वर्षांचा मुलगा आहे, आणि हे सगळे त्याच्यासमोर बोलले गेले.

ही शिकवण चुकीची आहे असे मी ठामपणे म्हणतो, आणि हे मत शास्त्राच्या आधारावर मांडतो.

परुशांनी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुद्यांनी, सूटपत्राचा म्हणजे घटस्फोटाचा प्रश्न काढला, तेव्हा प्रभू येशू त्यांना मोशेच्या नियमशास्त्राच्याही मागे, थेट बायबलच्या पहिल्या पुस्तकाकडे, उत्पत्तीकडे घेऊन गेला. पुरुष आईबापांना सोडून आपल्या स्त्रीशी जडून राहील आणि ती दोघे एकदेह होतील, हे वचन दिले गेले तेव्हा इस्राएल नव्हते, मंदिर नव्हते, मंडळीही नव्हती. लग्नाची देणगी देवाने साऱ्या मानवजातीला दिली. बायबलमध्ये लग्न लावण्याचा ठरावीक विधी कोठेही सांगितलेला नाही. तेव्हा दोघांची संमती, चारचौघांसमोर एकमेकांचा केलेला स्वीकार आणि जन्मभराचा संसार यांतच लग्नाचे मर्म आहे, असे मला वाटते.

योसेफाची गोष्ट आपण रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतो. तिच्यातला एक शब्द मात्र आपल्या नजरेतून निसटतो. योसेफ ज्याच्या घरी गुलाम होता तो पोटीफर मिसरी होता आणि त्याचे लग्न मिसरी रीतीनेच झाले असणार. तरीही मोहात पाडू पाहणाऱ्या त्याच्या बायकोला नकार देताना योसेफ म्हणतो, की तू त्याची पत्नी आहेस, मग एवढी मोठी दुष्टाई करून मी देवाविरुद्ध पाप कसे करू? परक्या दैवतांच्या देशातले ते लग्न योसेफाने देवासमोर खरे धरले. ते खरे नसते, तर हे पाप देवाविरुद्ध कसे ठरले असते?

प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात लिहिले ते तर या ताईसाठीच लिहिले असावे असे वाटते. विश्वास न ठेवणारी पत्नी नांदायला राजी असेल तर पतीने तिला सोडू नये, पतीच्या बाबतीतही तसेच. आणि त्यांची मुले अशुद्ध नव्हेत, पवित्र आहेत. ती लग्ने विश्वासात येण्यापूर्वीची होती, तरी पुन्हा लग्न लावा असे पौल एका शब्दानेही सुचवत नाही. लग्न करायचे तर ते केवळ प्रभूमध्ये, म्हणजे विश्वासणाऱ्याशीच करावे, हेही त्याच अध्यायात आहे, पण तो सल्ला जोडीदार निवडायला अजून मोकळ्या असलेल्या विधवेसाठी आहे. कोणाशी लग्न करावे हा एक प्रश्न आणि झालेले लग्न खरे आहे की नाही हा दुसरा. या दोहोंची गल्लत झाली की घरे मोडतात.

कॅथलिक चर्चही बाप्तिस्मा न झालेल्या दोघांचे लग्न वैध मानते आणि पुढे दोघांचाही बाप्तिस्मा झाला, तर नवा विधी न करताच त्या लग्नाला संस्काराचे स्थान मिळते. धर्मांतरानंतर जोडीदाराने सोडून दिले तर लग्न रद्द करता यावे, म्हणून ब्रिटिश सरकारने १८६६ साली हिंदुस्थानात एक कायदा केला. जे लग्नच नव्हते ते रद्द करायला कायदा कशाला लागला असता?

आपल्या नगरच्या मातीतलेच उदाहरण पाहा. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचे लग्न ब्राह्मणी विधीने झालेले होते आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. त्यानंतरची ताटातूट काही वर्षांची आणि जीवघेणी होती. पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याकडे राहायला आल्या त्या हिंदू म्हणूनच, आपले सोवळेओवळे सांभाळत. त्यांचा बाप्तिस्मा नंतरचा. मधल्या काळात त्या टिळकांच्या पत्नी नव्हत्या असे कोणता मराठी ख्रिस्ती माणूस म्हणू शकेल?

मी ताईला पौलाचा तो सातवा अध्याय काढून दिला. तिने तो उभ्यानेच दोनदा वाचला आणि मुलांविषयीच्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ गप्प राहिली. पुढच्या रविवारी उपासनेनंतर ती दोघे आमच्या पाळकसाहेबांना भेटली. त्यांनी दोघांच्या संसारासाठी प्रार्थना केली आणि मंडळीच्या कुटुंब-नोंदवहीत लग्नाच्या तारखेच्या रकान्यात चौदा वर्षांपूर्वीची, मंडपातली तारीख लिहिली.