'पूर्वीचे गेम मोठे होते आणि त्यांना गोष्ट होती': हे कितपत खरं?

गेमचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरत येतो. थोड्याफार फरकाने तो असा: 'पूर्वी एक गेम महिनोन्‌महिने पुरायचा, आताचे सहा तासांत संपतात. पूर्वी पैसे मोजले की अख्खा गेम मिळायचा, आता तुकडे पाडून विकतात. पूर्वी गोष्ट होती, आता नुसते ग्राफिक्स.' त्याखाली जो तो आपल्या लहानपणीच्या गेमचं नाव लिहितो आणि सगळ्यांचं एकमत होतं. ते जुने गेम माझेही जीव की प्राण आहेत. म्हणूनच त्यांच्या नावावर काहीही खपवलेलं मला बघवत नाही.

आधी 'महिनोन्‌महिने पुरायचा' हे बघू. पुरायचा, हे खरंच आहे. पण गेम मोठा होता म्हणून नव्हे. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' घ्या. अख्खा गेम ४० किलोबाइटचा. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही त्याच्या कितीतरी पट भरतो. जागेची इतकी मारामार होती की आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप ही एकच आकृती आहे, रंग तेवढा बदललेला. पाचव्या वर्ल्डमधली (वर्ल्ड म्हणजे चार लेव्हलचा एक गट) तिसरी लेव्हल तर पहिल्या वर्ल्डच्या तिसऱ्या लेव्हलचाच आराखडा आहे. उभं राहायला जागा कमी केली, वरून तोफगोळे सोडले, झाली नवी लेव्हल. एकूण ३२ लेव्हल, आणि वाट पाठ असलेला खेळाडू मधले शॉर्टकट घेत पाच मिनिटांच्या आत, जिला सोडवायचं त्या राजकन्येपर्यंत पोचतो.

मग आपले महिने कुठे गेले? लाइफ संपल्या की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, त्यात गेले. (कंट्रोलरवरचं 'ए' बटण दाबून धरून स्टार्ट केलं की आपण मेलो त्याच वर्ल्डपासून पुढे खेळता येतं. ही युक्ती मला कळली तेव्हा निम्मं बालपण सरलं होतं.) पहिली लेव्हल आपण शेकडो वेळा खेळलो आणि शेवटची कित्येकांनी पाहिलीच नाही. या अवघडपणामागे हिशेबही असायचा. नाणं टाकून खेळायच्या आर्केड मशिनवर खेळाडू पटकन मरणं यातच धंदा होता, आणि घरच्या गेमनी ती वळणं जशीच्या तशी उचलली. 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स' हा गेम घाम गाळून संपवला, की तो सांगतो की हा सगळा सैतानाचा भास होता, आता पहिल्यापासून पुन्हा खेळ. दुसऱ्यांदा संपवल्यावरच खरा शेवट दिसतो. १९९४ च्या 'द लायन किंग'मधली दुसरी लेव्हल आठवतेय? भाड्याने नेलेला गेम दोन दिवसांत संपू नये म्हणून ती मुद्दाम इतकी अवघड केली होती, हे तो करणाऱ्यांनीच पुढे सांगितलं. अडकून पडण्याला लांबी म्हणायचं असेल, तर कुलूप लावलेली एक खोलीसुद्धा राजवाड्याएवढी मोठी ठरेल.

'आताचे सहा तासांत संपतात' हा मुद्दा लवकर निकालात निघतो. काही संपतात. लढाईच्या मोठ्या गेममधली एकट्याने खेळायची मोहीम साधारण तेवढीच असते, कारण घेणारे बहुतेक जण इतरांबरोबर ऑनलाइन खेळायलाच तो घेतात. पण २०१५ चा 'द विचर ३' किंवा २०१८ चा 'रेड डेड रिडेम्प्शन २' यांची नुसती मुख्य कथाच पन्नासेक तास घेते. 'पर्सोना ५' शंभरीच्या घरात जातो. उलट जुन्यांमध्येही रोल-प्लेइंग (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन मोठी कथा खेळायच्या) प्रकारातले 'फायनल फँटसी'सारखे गेम तीस-चाळीस तासांचे होतेच. लांबी गेमच्या प्रकारावर ठरायची, तेव्हाही आणि आताही. आपण आठवणीतला तेव्हाचा सर्वांत लांब गेम काढतो, त्याच्या शेजारी आताचा सर्वांत आखूड ठेवतो आणि निकाल देतो.

माझी आताच्या गेमबद्दलची तक्रार नेमकी उलटी आहे. त्यातले बरेचसे नको इतके लांब आहेत. नकाशाभर खुणा पेरलेल्या, प्रत्येक खुणेवर तीच छावणी, तेच दहा शत्रू, तीच पेटी. चाळीस तासांनंतर हात चालू असतात आणि मन कधीच उठून गेलेलं असतं. मारिओची तीच लेव्हल पुन्हा खेळायला लावणं आणि हे, यांत मला फरक दिसत नाही. २००७ चा 'पोर्टल' तीन-चार तासांत संपतो आणि त्यातलं एक मिनिटसुद्धा काढून टाकता येत नाही. मला तो मोठा वाटतो.

तुकडे पाडून विकण्याबद्दल: गेममधल्या बंद पेटीत काय निघेल हे न सांगता पैसे उकळणारे आजचे प्रकार लबाडीचेच आहेत, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण 'पूर्वी अख्खा मिळायचा' हे मात्र चूक. १९९४ मध्ये 'सॉनिक ३' एका कार्ट्रिजमध्ये (गेम साठवलेली, यंत्रात खोचायची डबी) मावेना आणि वेळही पुरेना, तेव्हा त्याचे दोन भाग केले. उरलेला अर्धा 'सॉनिक अँड नकल्स' म्हणून त्याच वर्षी वेगळा विकला. एक कार्ट्रिज दुसऱ्यावर खोचली की मगच पूर्ण गेम व्हायचा. 'स्ट्रीट फायटर २' तर थोडेफार बदल करून पुन्हा पुन्हा विकला गेला.

आता गोष्ट. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण सगळ्यांत जास्त अन्याय इथे होतो, आणि तो जुन्या गेमवरही होतो.

तेव्हाच्या बहुतेक गेमची गोष्ट गेममध्ये नसायची, सोबतच्या पुस्तिकेत असायची. मारिओच्या पुस्तिकेत लिहिलंय की त्या राज्यातल्या प्रजेला जादूने दगड, विटा आणि झाडं करून टाकलंय. म्हणजे डोक्याने आपण ज्या विटा फोडत होतो, त्या कोण होत्या? किती भयंकर कल्पना आहे! पण खेळताना तिचा मागमूसही नाही.

ज्यांनी खरोखर गोष्ट सांगितली, त्यांनी ती खेळाडूच्या बोटांतून सांगितली. १९८९ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आठवा. हातात साठ मिनिटं. मेलात तर लेव्हल पुन्हा सुरू होते, पण घड्याळ मागे जात नाही. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारावी लागते आणि पलीकडून आपलीच सावली निसटते. पुढे ती आपलं औषध पिऊन टाकते, आपल्या तोंडावर दार लावते. बाराव्या लेव्हलला ती तलवार घेऊन समोर उभी राहते. आपण वार करतो आणि रक्त आपलंच कमी होतं. उपाय एकच: तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्या अंगावर चालत जायचं. दोघं एक होतात. संवाद नाही, मजकूर नाही. लढायचं नाही हे आपल्या हातालाच उमजावं लागतं.

ही रीत पुढे मेली का? ग्राफिक्सने गोष्ट खाल्ली म्हणणाऱ्यांनी २०१८ चा 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' बघावा. दोन रंगांतलं, ठिपक्याठिपक्यांचं चित्र. एका रिकाम्या परतलेल्या जहाजावरच्या साठ माणसांचं काय झालं ते एकेक करून आपण ठरवायचं. २०१९ च्या 'डिस्को एलिझियम'मध्ये दहा लाखांहून जास्त शब्द आहेत. मारामारी जवळपास नाहीच, आणि नायकाच्या डोक्यातले विचारच त्याच्याशी हुज्जत घालतात.

आणि २०१३ चा 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स'. (खेळायचा असेल तर इथेच थांबा, पुढे शेवट सांगितलाय.) तीन-चार तासांचा गेम. कंट्रोलरची डावी बाजू थोरल्या भावाची, उजवी धाकट्याची. आई पाण्यात बुडून गेलेली, म्हणून धाकटा पाण्याला घाबरतो. नदी आली की तो थोरल्याच्या पाठीला धरून पलीकडे जातो. शेवटी थोरला मरतो आणि धाकट्यापुढे पूर आलेला ओढा असतो. उजवीकडचं बटण कितीही दाबा, तो काठावरून मागे सरतो. मग केव्हातरी आपण डावीकडचं बटण दाबतो. ते बराच वेळ निकामी पडलेलं असतं, ज्याचं होतं तो आता नसतो. ते दाबल्यावर धाकटा पाण्यात उतरतो आणि पोहायला लागतो.