बासची तार खरखरते म्हणून ट्रस रॉड कसू नका

बास गिटार वाजवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश आणि त्याला जोडलेली छोटी चित्रफीत फिरत आहे. संदेशातले म्हणणे असे: तार फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, घासून खरखर येत असेल, तर नेक, म्हणजे ती दांडी, वाकली आहे, दुसरे कारणच नसते. सगळ्या तारा काढाव्यात, जवळपास बसेल ती ॲलन की (षटकोनी चावी) घ्यावी आणि नेकच्या आतला ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणारी धातूची सळई, उजवीकडे पूर्ण दोन फेरे कसावा. करकर आवाज आला तरी थांबू नये, कारण ते लाकूड जागेवर बसत असते. नेक पट्टीसारखी सरळ झाली की काम झाले. दर पावसाळ्याच्या सुरुवातीला हेच करावे आणि तरीही खरखर उरली तर बारीक तारा लावाव्यात, कारागिराला पैसे देऊ नयेत.

कोल्हापुरात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने हा संदेश प्रमाण मानला. सुदैवाने तो एका फेऱ्यावर थांबला आणि त्याने फोन केला. ‘मामा, उजवीकडेच फिरवलं, मग खरखर वाढली कशी?’ या प्रश्नाचे उत्तर संदेश लिहिणाऱ्याला ठाऊक असते, तर त्याने तो लिहिलाच नसता.

नेक पट्टीसारखी सरळ असली पाहिजे, या समजुतीतून बाकीच्या सगळ्या चुका निघतात. छेडलेली तार दोन्ही टोकांना स्थिर असते आणि मध्यभागी सर्वांत जास्त झुलते. बासची जाड, लांब तार तर नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकी झुलते. तिला झुलायला जागा मिळावी म्हणून नेकमध्ये तारांच्या बाजूने अगदी थोडा खोलगटपणा मुद्दाम ठेवलेला असतो आणि वाजवणारे त्याला रिलीफ म्हणतात. हा खोलगटपणा किती असावा, हे कोणाच्या मतावर सोडलेले नाही. १९५१ साली प्रिसिजन बास बाजारात आणणारी फेंडर कंपनी आपल्या सेटअपच्या मार्गदर्शिकेत त्याचे आकडे देते. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारी पकड, लावायचा, चौथी, म्हणजे सर्वांत जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि आठव्या फ्रेटचा माथा व तारेची खालची कड यांमधले अंतर फीलर गेजने मोजायचे. फिंगरबोर्डच्या, म्हणजे फ्रेट बसवलेल्या पृष्ठभागाच्या, गोलाईची त्रिज्या ७.२५ इंच असेल तर हे अंतर ०.३५ मिलिमीटर, ९.५ ते १२ इंच असेल तर ०.३ मिलिमीटर आणि १५ ते १७ इंच असेल तर ०.२५ मिलिमीटर असावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. या तिन्ही आकड्यांत शून्य कुठेही नाही. फीलर गेज मिळवणेही अवघड नाही. गाडीचे टॅपेट सेट करताना मेकॅनिक जे पात्यांचे गेज वापरतात तेच हे, आणि ते सुट्या भागांच्या कोणत्याही दुकानात मिळते.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. चार तारांच्या बासवर पूर्ण सुरात लावलेल्या तारांचा एकत्रित ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात असतो. हा ताण नेकला पुढे, तारांच्या दिशेने ओढतो आणि ट्रस रॉड त्याला मागे ओढून तोल सांभाळतो. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना अशा समायोज्य रॉडचे पेटंट १९२३ साली मिळाले, ते तारांच्या ओढीपुढे नेकने टिकावे म्हणून. खरखर घालवण्याचे औषध म्हणून नव्हे. रॉड कसला की नेक मागे जाते, खोलगटपणा कमी होतो आणि तारा फ्रेटच्या आणखी जवळ येतात. म्हणजे पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर असेल, तर बहुतेक वेळा रॉड आधीच गरजेपेक्षा जास्त कसलेला असतो आणि उपाय तो सैल करण्याचा, म्हणजे डावीकडे फिरवण्याचा असतो. संदेश सांगतो त्याच्या नेमके उलट. त्यामुळे भाच्याने फेरा फिरवल्यावर खरखर वाढली यात नवल काहीच नाही, ती वाढणारच होती.

एक अर्धसत्य मात्र मान्य करावे लागते. खोलगटपणा खरोखरच जास्त झाला असेल, मोजून तो वरच्या आकड्यांपेक्षा बराच मोठा निघत असेल, तारा मधल्या भागात उंच वाटत असतील आणि खरखर वरच्या, म्हणजे बॉडीजवळच्या फ्रेटवर येत असेल, तर रॉड थोडा कसल्याने फरक पडू शकतो. फेंडरची मार्गदर्शिकाही जास्त खोलगट नेकसाठी रॉडच्या टोकाचा नट घड्याळाच्या दिशेने फिरवायला सांगते. पण त्याच मार्गदर्शिकेत उलट्या बाकासाठी उलटी दिशाही दिलेली आहे, आणि दोन्हींच्या आधी मोजमाप आहे. संदेशाने मोजमाप आणि दुसरी दिशा वगळून फक्त उजवीकडे फिरवायचे तेवढे उचलले.

सर्वांत घातक वाक्य आहे ते दोन फेऱ्यांचे आणि करकर आवाजाचे. ट्रस रॉडच्या बाबतीत पाव फेरासुद्धा मोठा मानतात. जाणते कारागीर अष्टमांश ते पाव फेरा फिरवतात, तारा पुन्हा सुरात लावतात, मोजतात, लाकूड सावरायला वेळ देतात, अनेकदा बास रात्रभर तशीच ठेवतात आणि मगच पुढचे ठरवतात. ज्या अंतराचा आपण विचार करतो आहोत, ते साध्या छपाईच्या तीन कागदांच्या जाडीइतके आहे. तिथे दोन पूर्ण फेरे सांगणाऱ्याने हे काम स्वतः कधी केले असेल, असे मला वाटत नाही. कोरड्या आट्यांमुळे नट फिरताना कधी हलकीशी करकर येते, हे खरे. पण आवाजाबरोबर हाताला विरोध जाणवू लागला, तर ते लाकूड ‘बसत’ नसते. त्यावेळी एक तर आटे कापले जात असतात, किंवा नटखालचे लाकूड दबत असते, किंवा रॉड तुटण्याच्या बेताला आलेला असतो. तुटलेला रॉड काढण्यासाठी बहुतेक बासवर फिंगरबोर्ड उखडावा लागतो आणि साध्या बासच्या बाबतीत ती दुरुस्ती बासच्या किमतीपेक्षा महाग पडू शकते. फेंडरने या जागी स्पष्ट सूचना दिली आहे: रॉड फिरवताना जास्त विरोध जाणवला, फिरवूनही नेकवर परिणाम दिसला नाही, किंवा हे काम करताना मनात धाकधूक असेल, तर वाद्य अधिकृत विक्रेत्याकडे न्यावे. ज्यांनी हे वाद्य घडवले ते थांबायला सांगतात आणि संदेश म्हणतो थांबू नका. तो शेकडो विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला आहे, याची मला खरी काळजी वाटते.

‘जवळपास बसेल ती’ ॲलन कीही तितकीच घातक. काही बासवर चावी इंची मापाची लागते, तर काहींवर मिलिमीटरच्या मापाची. किंचित सैल चावीने नटची षटकोनी खाच गोल झाली, की पुढे योग्य चावी आणूनही ती पकड घेत नाही.

तारा काढण्याच्या सल्ल्यात थोडे तथ्य आहे. कसताना तारा थोड्या सैल केल्यास नटवरचा भार कमी होतो आणि जुन्या फेंडर घडणीच्या ज्या बासमध्ये नट नेकच्या बुडाशी असतो, तिथे तारा सैल करून नेकच उतरवावी लागते. पण तारांशिवाय नेकचा आकार पाहून निर्णय घेणे निरर्थक आहे, कारण वाजवताना असणारा ताण त्यावेळी नेकवर नसतोच. मोजमाप नेहमी तारा सुरात लावूनच करायचे.

खरखरीचे कारण एकच असते, हा दावा तर पाच मिनिटांत खोटा ठरवता येतो. फक्त मोकळी तार खरखरत असेल आणि दाबल्यावर ती स्वच्छ वाजत असेल, तर नेकच्या डोक्याकडच्या, तारा टेकवणाऱ्या पट्टीतली (तिलाही नटच म्हणतात) खाच खोल गेलेली असते. एकाच जागी खरखर येत असेल, तर पुढचा एखादा फ्रेट वर उचललेला असतो. बाराव्याच्या पुढे येत असेल आणि रिलीफ मोजून योग्य निघत असेल, तर ब्रिजवरचे, म्हणजे बॉडीवरच्या घोडीवरचे, तार टेकवणारे सॅडल खाली गेलेले असण्याचा संभव जास्त. ९.५ ते १२ इंच गोलाईच्या बासवर सतराव्या फ्रेटपाशी जाड तारेची उंची २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेची २ मिलिमीटर असावी, असे फेंडर सांगते. यांपैकी एकही दोष ट्रस रॉडने बरा होत नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना घोडी कानसाने अगदी थोडी घासतात, ऐकतात आणि पुन्हा घासतात. तारेचा स्पर्श नेमका कुठे होतो आहे हे आधी ओळखायचे, ही शिस्त बासलाही तितकीच लागू आहे. शिवाय ॲम्प्लिफायर न लावता ऐकू येणारी हलकी खरखर ॲम्प्लिफायरमधून अनेकदा ऐकूही येत नाही. ती काढण्यासाठी नेकशी खेळायचे कारण नाही.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. दमट हवेत लाकूड फुगते आणि नेक सरकते, विशेषतः कोकणात आणि मुंबईत. पण ती किती आणि कोणत्या बाजूला सरकेल, हे त्या लाकडावर आणि त्या वाद्यावर ठरते, म्हणून जूनमध्ये आणि पुन्हा पाऊस सरल्यावर मोजावे. महिना पाहून रॉड कसू नये.

बारीक तारांचा सल्ला उलटाच पडतो. त्याच सुराला बारीक तारेचा ताण कमी असतो, त्यामुळे ती जास्त झुलते आणि नेकलाही कमी ओढते, म्हणून रिलीफ आणखी घटतो. आधीच खालच्या फ्रेटवर खरखर असलेल्या बासला अशा तारा लावल्या, तर खरखर वाढण्याचीच शक्यता अधिक.

कारागिराला पैसे देऊ नका, हे सांगणाऱ्याने एवढे लक्षात घ्यावे की नटची खाच भरणे किंवा फ्रेट समतल करणे ही कामे घरच्या ॲलन कीने होत नाहीत. कारागिराकडे जाताना मात्र कोणती तार, कोणता फ्रेट, मोकळी की दाबलेली, ॲम्प्लिफायरमधून ऐकू येते की नाही आणि तारा शेवटच्या कधी व कोणत्या जाडीच्या बदलल्या, हे लिहून न्यावे. आधीच कोणी रॉड फिरवला असेल, तर किती आणि कोणत्या बाजूला, हेही न लपवता सांगावे.